हलकं चाक, कडक क्लच

परवा लासूर स्टेशनहून परतले आणि ओढणी धुवायला टाकण्याआधी सवयीनं नाकाशी नेली. हुरड्याच्या दिवसांत आमच्या घरातले सगळे कपडे आगटीच्या धुरानं भरून येतात. गोवऱ्यांचा, भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचा, थोडा मातीचा असा तो वास एका धुण्यात जात नाही, आणि जाऊ नये असंच वाटतं. पण माझ्या ओढणीला त्याच्या जोडीनं आणखी एक वास होता, जळालेल्या क्लचचा. घाटात अडकलेल्या ट्रकच्या मागं ज्यांनी कधी गाडी उभी केली असेल त्यांना तो कडवट वास ओळखू येईल. माझ्या नाकात मात्र हे दोन वास आता वेगळे होतच नाहीत. कुठंही हुरडा भाजत असला तरी मला आधी क्लच जळाल्यासारखं वाटतं.

थंडी पडली की संभाजीनगरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्याला हुरड्याचे हातानं रंगवलेले फलक उभे राहतात. झोके, बैलगाडी, पोटभर जेवण, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. आमचा हुरडा घरचा. लासूरजवळचं शेत माझा चुलतभाऊ बाळूदादा करतो. ज्वारीच्या दाण्यात दूध असतं तेवढ्या थोड्या दिवसांचाच हा खेळ. जरा उशीर झाला की दाणा टणक होतो आणि मग ते नुसतं धान्य. शेतात खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, राखेत कणसं खुपसायची, गरम गरम कणीस तळहातावर चोळायचं आणि फुंकर मारून हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत द्यायचे. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. इतक्या कोवळ्या गोष्टीच्या निमित्तानं आमच्या घरानं इतका निष्ठुरपणा कसा केला, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्यात रीत आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हुरड्याला नव्या जावयाला बोलवायचं आणि पहिलं कणीस सासऱ्यानं स्वतःच्या हातानं चोळून त्याला द्यायचं. त्या दिवशी पहिला मान सगळ्यात त्याचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती रीत मोडली नाही. त्यांनी तिच्यात थोडी भर घातली, इतकंच.

अण्णांचं चिकलठाण्याला गिअर कापायचं वर्कशॉप होतं. आता ते मी चालवते. जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे दात कापले, आता एक यंत्र माझं, असं म्हणत त्यांनी उतारवयात एक गाडी घेतली. रोटरी इंजिनाची, दोन दारांची, जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार. पुण्यातल्या कुणा शौकिनाचा शौक फिटला तेव्हा ती इंजिन सुटं केलेल्या अवस्थेत टेम्पोतून आमच्याकडं आली. इतर इंजिनांत पिस्टन खालीवर नाचतात. हिच्यात तिकोनी रोटर गोल फिरतात. त्यामुळं ती खालच्या वेगात मरतुकडी आणि वरच्या वेगात वेडी. मधलं असं तिच्यात काही नाही. अण्णांच्या स्वभावातही नव्हतं, म्हणून दोघांचं जमलं.

मी सुहासशी माझ्या मनानं लग्न केलं त्या वर्षीची ही गोष्ट. सुहास पैठणचा. घरात माग, आजोबा-वडील पैठण्या विणणारे, हा शिकून औषधांच्या कंपनीत केमिस्ट झालेला. कमी बोलणारा, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा माणूस. आमच्या घरात वाक्य पुरं होऊ देणाऱ्याला भोळा समजतात. अण्णांनी लग्नाला विरोध केला नाही. उलट थाटात लावून दिलं, आहेर केले, आणि त्या दिवसापासून त्याला कधी नावानं हाक मारली नाही. जावईबापू म्हणायचे. त्या शब्दात किती विष मावतं हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही.

दिवाळी झाली आणि अण्णांनी इंजिन बांधायला घेतलं. फ्लायव्हील आणि क्लच कोणते घालायचे यावर ते अडले. अडले म्हणजे काय, रंगले. वर्कशॉपच्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी गाडीचं मूळ लोखंडी फ्लायव्हील ठेवलं होतं, आणि मोबाइलवर परदेशातल्या हलक्या फ्लायव्हीलची चित्रं. माझा चहा त्या फ्लायव्हीलवर ठेवलेला असायचा. सकाळचं कोवळं ऊन पत्र्याच्या फटीतून त्याच्या दात्यांवर पडायचं, बाहेर कुणीतरी ज्वारीची कणसं आलीत का विचारत गेटवरून जायचं, आणि अण्णा मला शिकवायचे. तितके लोभस ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये फिरणारं वजनदार चाक. इंजिनाचा जोर ते स्वतःत साठवून ठेवतं. गाडी उचलताना तुमचा पाय जरा चुकला, क्लच जरा लवकर सुटला, तर त्या साठवलेल्या जोरातून ते तुमची चूक भरून काढतं. हलक्या चाकात साठा नसतो. रेस दिली की इंजिन क्षणात वर चढतं, सोडली की क्षणात खाली पडतं, आणि तुम्ही चुकलात तर तिथल्या तिथं मरतं. रोटरीला तर खालच्या वेगात मुळातच जोर नाही, म्हणजे चुकायला जागाच उरत नाही. अण्णा हे सगळं एका वाक्यात सांगायचे. जड चाक माफ करतं, हलकं करत नाही.

क्लचचंही तसंच. एक प्लेट नेहमीच्या अस्तराची, मध्ये स्प्रिंगा असलेली. ती हळूहळू पकडते, पाय शिकेपर्यंत थांबते. दुसरी सिरॅमिकच्या पाकळ्यांची, सोबत तिला दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट. ती एकतर सुटलेली असते किंवा पकडलेली. मधली स्थिती तिला मान्य नाही, आणि तिचं पेडल दाबायला मांडीत ताकद लागते. मी वर्कशॉपची खरेदी बघायचे, तेव्हा मी चार ठिकाणी विचारलं, वाचलं, आणि सगळीकडून एकच सल्ला आला. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर हलकं चाक घ्या हवं तर, पण क्लच साधा ठेवा. दोन्ही कडक एकत्र घालू नका, ते शर्यतीचं काम आहे. मी अण्णांना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग सहज विचारावं तसं विचारलं की जावईबापूंचा हात कोणत्या गाडीवर बसलाय. मी म्हटलं, त्यांची ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही तिला, त्याआधी स्कूटर.

"बरं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हलकं फ्लायव्हील आणि सिरॅमिकचा क्लच मागवायला सांगितला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "ही काय भाजी आणायला न्यायची हाय का?" मला ते त्यांचं वेड वाटलं, आणि खरं सांगायचं तर ते वेड मला आवडायचं.

सामान आलं. बसवायला अण्णांनी एक अख्खा आठवडा लावला. रोटरीचं आणखी एक त्रांगडं असतं. तिच्या मूळ फ्लायव्हीलमध्येच इंजिनाचा तोल सांभाळणारं वजन ओतलेलं असतं. ते चाक काढलं की ते वजनही जातं, आणि मग त्याच इंजिनाच्या रोटरांना जुळणारं वेगळं वजन मागं बसवावं लागतं. ते जुळलं नाही तर गाडी थरथरत स्वतःचीच बेअरिंगं खाते. अण्णांनी ते वजन तीनदा तपासलं. यंत्राचा तोल जाऊ नये म्हणून हा माणूस जेवायचं विसरत होता. माणसांच्या बाबतीत मात्र नेमका तोल कुठं घालवायचा हे त्याला ठाऊक होतं. जुनं लोखंडी चाक आणि साधा क्लच त्यांनी ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून, मागच्या खोलीत ठेवून दिला. अजून तिथंच आहे, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या शेजारी.

मग हुरडा आला. शेतात सगळं गोत जमलेलं. सकाळी थंडी अशी की आगटीकडं तोंड केलं तर पाठ गारठायची. आई भरताची वांगी भाजत होती. अण्णांनी रीतीप्रमाणं पहिलं कणीस चोळलं, दाणे सुहासच्या ओंजळीत दिले, आणि सगळ्यांना दिसेल अशा बेतानं गाडीची किल्ली त्यावर ठेवली. गाडी आगटीपासून थोडी दूर, धुऊन पुसून उभी होती. सुहास म्हणाला की मला ही चालवता येणार नाही. अण्णा म्हणाले की पहिला मान जावयाचा, नाही कसं म्हणता. मग ते हसून लोकांकडं वळले.

"ह्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या पाय चालवायचंच काम हाय. मागाखाली पट्ट्या असतात ना, तसंच समजा, जावईबापू. डावा पाय, उजवा पाय."

लोक हसले. सुहास गाडीत बसला. इंजिन त्या गाडीच्या चमत्कारिक फडफडत्या आवाजात सुरू झालं. त्यानं क्लच दाबला, गिअर टाकला, हळूच पाय उचलला आणि गाडी एक उसळी मारून मेली. पुन्हा. पुन्हा. दर वेळी त्याचं डोकं पुढं जायचं आणि दर वेळी हसणं वाढायचं. बाळूदादानं शिट्टी मारली. मग सुहासनं जास्त रेस देऊन बघितलं, तेव्हा क्लच जळायला लागला, गाडी ससा उडावा तशी थोडी पुढं उडून परत मेली. आई पदर तोंडाशी धरून हसत होती. मला तेव्हा एकदम तो चहा, ते टेबल, तो सहज विचारलेला प्रश्न आठवला. अख्खा हिवाळा अण्णा गाडी बांधत नव्हते. ते ही दुपार बांधत होते.

मी पुढं होऊन म्हटलं की पुरे झालं. अण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ते खिडकीपाशी वाकले.

"परत," ते म्हणाले.

ओरडून नाही, चिडून नाही. वर्कशॉपमध्ये शिकाऊ माणसाकडून काम करून घेताना जसं म्हणायचे तसं. सुहासनं परत केलं. परत मेली. शेवटी ते दार उघडून त्याला हाताला धरून बाहेर काढत म्हणाले, "पुढच्या हुरड्याला हिला इथून डांबरी रस्त्यापर्यंत बंद न पाडता न्या. मग गाडी तुमची. शब्द हाय माझा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुहासच्या मुठीत ते पहिल्या कणसाचे दाणे तसेच होते. किल्ली घेताना ते एका मुठीत धरले आणि मग टाकायला त्याला जागाच मिळाली नसावी.

आमच्या घरात याला मजा म्हणतात. नव्या माणसाला आपलं करून घ्यायचं म्हणजे त्याला एकदा सगळ्यांसमोर रडवायचं, मग पाठीवर थाप मारून जेवायला वाढायचं. जेवण नेहमीच उत्तम असतं. त्या दिवशी अण्णांनी आग्रह करकरून सुहासला भरीत वाढलं, आणि परतीच्या वाटेवर आई मला म्हणाली की किती जीव लावतात बघ जावयाला. मला वाटतं ती खरंच तसं समजत होती. मी घरी येऊन कितीतरी वेळ भांडले, पण भांडायला समोर कुणी नव्हतंच. सुहास नुसता शर्ट बादलीत बुचकळत बसला होता.

पुढचं वर्षभर तो दर रविवारी चिकलठाण्याला जायचा. वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत गाडी काढायचा. अण्णा खुर्ची टाकून बसायचे, चहा घ्यायचे, आणि गाडी मेली की म्हणायचे, परत. मला वाटायचं तो जाणं सोडेल. त्यानं सोडलं नाही. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, पावसाळ्यात चिखल व्हायचा, त्याच्या डाव्या मांडीला गोळे यायचे, मी तेल चोळायचे. मी एकदा म्हटलं की सोड, कुणाला काय दाखवायचंय. तो म्हणाला, दाखवायचं नाही, शिकायचंय. काय शिकायचंय हे मी विचारलं नाही. तेव्हा मला क्लचच वाटला.

पुढच्या हुरड्याला त्यानं गाडी आगटीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अशी नेली की ताटातलं दही हललं नसतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अण्णांनी शब्द पाळला, कागद करून दिले. मजा तेवढी कमी झाली त्या वर्षी.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. काही महिन्यांनी ते काठी घेऊन चालू लागले, पण डावा पाय फरफटत यायचा आणि डावा हात मांडीवर पडून राहायचा. वर्कशॉप माझ्याकडं आलं. बाकी सगळं त्यांनी सोडलं. फक्त एक बोलणं राहिलं. ती गाडी एकदा चालवायची, शेतापासून रस्त्यापर्यंत. आधी हसत म्हणायचे, मग गंभीरपणे, मग लहान मुलासारखं रोज. व्यायाम करून घेणारी बाई मला म्हणाली की साधं, हलकं पेडल असेल तर मोकळ्या जागेत थोडं जमेलही, पायात तेवढा जोर आलाय.

जड चाक आणि साधा क्लच गोणपाटात होताच. एका सुट्टीत बसवून झाला असता. मी सुहासला विचारलं. तो जेवत होता. त्यानं माझं वाक्य पुरं होऊ दिलं, घास संपवला, पाणी प्यायला.

"अण्णांनी विचार करून निवडलंय ते. त्यांच्या निवडीला मी कसा हात लावू?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते आणि कदाचित जिंकलेही असते. मी पुन्हा विचारलं, नंतर रडून विचारलं, आणि प्रत्येक वेळी तितक्याच नम्रपणे तेच उत्तर आलं. गाडी त्याची होती, अण्णांच्याच शब्दानं. तेव्हा मला समजलं की त्या सगळ्या रविवारी तो काय शिकत होता. अण्णांना मुलगा नव्हता. त्यांच्या मनाजोगता वारस त्यांनी स्वतःच, दर रविवारी चहा पीत, घडवला होता.

या वर्षी ज्वारी चांगली आली. परवा आम्ही सगळे शेतावर जमलो. तीच आगटी, तीच थंडी, वांगी भाजणारी आई. अण्णांना गोधडी घालून खुर्चीत बसवलं होतं. सुहासनं पहिलं कणीस चोळलं, फुंकर मारली, दाणे अण्णांच्या उजव्या हातात दिले. आणि त्यावर किल्ली ठेवली.

"अण्णा, पहिला मान तुमचा."

आई म्हणाली नको. बाळूदादा जमिनीकडं बघायला लागला. मी सुहासचा दंड धरला, त्यानं तो हळूच सोडवून घेतला. अण्णांनी किल्लीकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि मला वाटलं आता ते ती फेकून देतील. ते उठले. नाही म्हणायला शिकलेच नव्हते बिचारे. सुहासनं त्यांना जपून, आजाऱ्याला धरावं तसं धरून गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. डावा हात चालत नव्हता म्हणून गिअर तो टाकणार होता. इंजिन फडफडलं. अण्णांनी डावा पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पेडल हललं नाही. मग त्यांनी उजव्या हातानं गुडघ्यावर सगळा भार टाकला. मानेच्या शिरा फुगल्या. पेडल खाली गेलं. सुहासनं गिअर टाकला. पाय सुटला, गाडी उसळली, अण्णांचं डोकं पुढं गेलं, आणि ती मेली.

शेतात आवाज फक्त आगटीचा. इतकी माणसं आणि कुणी हसलं नाही. त्या वर्षीचं हसणं मला यापेक्षा जास्त सोसवलं होतं. अण्णांनी खिडकीतून आमच्याकडं बघितलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळं शब्द जड येत होते.

"हसा की. त्या वर्षी हसला व्हता ना समदे."

मग ते शेजारी वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला नावानं हाक मारली.

"सुहास, तू तरी हस रे."

मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला आणि दोघांचीही माया आली, आणि दोन्हीचा काही उपयोग नव्हता. मला वाटलं आता सुहास किल्ली काढून घेईल, दार उघडेल, म्हणेल चला, जेवायला बसू. त्यानं गिअर काढला, हात पुढं केला, किल्ली फिरवून इंजिन पुन्हा सुरू केलं. तो हसला नाही.

"परत," तो म्हणाला.

अण्णांनी उजव्या हातानं गुडघ्यापाशी धोतर पकडलं, डावा पाय उचलला आणि पुन्हा क्लचवर ठेवला.